भाडेकरू नवा, नळ जुना

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येऊन ठेपतो. सीलंट, ग्राउट, प्लास्टर, रंग या सगळ्यांना लागते कोरडी भिंत, आणि कोरड्या भिंतीचे दिवस आता थोडे उरलेत. म्हणून भाड्याच्या घरांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाण्याची पत्रं आधी घेतली आहेत. प्रश्न थोडे आवरून छापले आहेत.

प्रश्न (बोरिवलीहून एक वाचक) : तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके सहा वर्षं भाड्याने दिलेला आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला. दर जुलैत खिडकीखालची भिंत ओली होते, पोपडे पडतात, भाडेकरू फोटो पाठवतो आणि दिवाळीत मी रंग काढून देतो. यंदा मे महिन्यातच काही करता येईल का?

उत्तर : रंग सहा वेळा देऊन झाला, पण पाणी कुठून येतं हे एकदाही पाहिलं गेलेलं दिसत नाही. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात हे खरं. पण त्याच बाजूच्या शेजाऱ्याच्या खिडकीखाली कोरडं असेल तर वाऱ्याला बोल लावून उपयोग नाही.

स्लायडिंग खिडकीतून पाणी आत यायच्या वाटा तीन. पहिली खालच्या ट्रॅकची. ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते बाहेर पडावं म्हणून बाहेरच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. वर्षभराची धूळ, कबुतरांची पिसं आणि रंगाऱ्याने सांडलेली पुट्टी यांनी ती बुजतात. मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून भिंतीवर उतरतं. म्हणजे दर दिवाळीला काढलेला रंगच पुढच्या जुलैची सोय करून ठेवतो! तपासायला तांब्याभर पाणी पुरे. ट्रॅकमध्ये ओता, मिनिटभरात ते बाहेरून गळून गेलं तर ठीक, साचून राहिलं तर जुना टूथब्रश आणि सायकलची तार घेऊन भोकं मोकळी करा. खर्च शून्य.

दुसरी वाट चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्याची. इथलं सीलंट उन्हाने कडक होऊन भिंतीपासून सुटतं, आणि केसाएवढ्या फटीतून वाऱ्याचा दाब पाणी आत ढकलतो. तिसरी वाट खिडकीखालच्या दगडाची. ग्रॅनाइट किंवा कडप्पा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, भिंतीच्या पुढे इंचभर आलेला हवा आणि त्याच्या पोटाला खाच हवी. खाच नसेल तर पाणी दगडाच्या खालून सरपटत मागे येतं आणि प्लास्टरमध्ये शिरतं.

कुठली वाट चालू आहे हे पाहायला बाहेरून पाण्याची नळी मारायची, पण खालून वर. आधी फक्त दगडाखालची भिंत दहा मिनिटं, मग दगड, मग ट्रॅक, मग चौकटीच्या बाजू, शेवटी वरची कड. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे पोचतं आणि काहीच कळत नाही.

सीलंट भरायचं असेल तर जुनं कटरने पूर्ण काढून टाका. जुन्यावर नवा थर चढवला तर तो जुन्यासकट सुटून येतो. फट स्पिरिटने पुसून सुकू द्या. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर वेदर सीलंट’ असं स्पष्ट सांगून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला चालतं, सिमेंटला नीट धरत नाही. पाच मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल रेघ धरली तर २८० मिलीची एक नळी साधारण ११ मीटर जाते, म्हणजे चार बाय चारच्या दोन खिडक्या. ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने आतून पक्कं होतं, तेव्हा निदान दोन कोरडे दिवस हातात ठेवा. आणि बाहेरचं काम ग्रिलला लोंबकळून करायला तयार असलेल्या माणसाला ते देऊ नका. झुला किंवा कमरेला दोर असेल तरच, आणि सोसायटीला कळवून.

पाणी खिडकीतून नसून बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेतून येत असेल तर काम सोसायटीचं. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीकडे येतं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. बाहेरची भिंत मात्र त्या कारणाने तुमच्या गळ्यात घालता येत नाही. पत्र फोटोंसह आत्ताच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जुलैत दिलेल्या पत्राला ‘पाऊस थांबू द्या’ हेच उत्तर येतं, आणि ते चुकीचंही नसतं.

रंग शेवटी. भिंत वाळली का हे हाताने कळत नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि ४८ तास ठेवा. आतल्या बाजूला बाष्प धरलं तर भिंतीत अजून पाणी आहे, रंगारी घरी पाठवा.

प्रश्न (चेंबूरहून एक वाचक) : माझ्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतं. एक ठेकेदार म्हणतो, दोन्ही बाथरूमच्या सगळ्या लाद्या फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करा. भाडेकरू म्हणतो, मग आम्ही राहायचं कुठे? खरंच सगळं फोडावं लागेल का?

उत्तर : कदाचित लागेल. पण त्या ठेकेदाराने चाचणी न करता सांगितलं असेल तर तो अंदाज आहे, निदान नव्हे. आणि गळती लादीखालच्या पाइपची असेल तर ती फोडाफोड करूनही राहील.

आधी खालच्यांना विचारा की ठिबक केव्हा पडते. भाडेकरू चार दिवस गावाला गेले तरी चालूच असेल तर संशय दाबाच्या पाइपवर, म्हणजे भिंतीतून नळाला, गिझरला, फ्लशला जाणाऱ्या लाइनवर. सकाळच्या अंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं तोंड), सांडपाण्याचा पाइप किंवा लादीचे सांधे. फक्त पावसात असेल तर बाथरूम निर्दोष, बाहेरची भिंत बघा. इथे एक मेख आहे: स्लॅब आणि कोबा (लादीखालचा काँक्रीटचा थर) पाणी धरून ठेवतात. कारण थांबवल्यावरही दोन-तीन दिवस, कधी जास्त, ठिबक चालू राहते. म्हणून ‘व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी पडतंय’ असा निष्कर्ष दोन तासांत काढायचा नाही.

दाबाच्या लाइनसाठी प्लंबरकडे हाताने चालवायचा टेस्ट पंप असतो. सगळे नळ आणि अँगल कॉक (बेसिन, फ्लशच्या नळीआधीचे छोटे कॉक) बंद, लाइनमध्ये पाणी भरून दाब द्यायचा आणि काटा तासभर बघायचा. काटा उतरला तर गळती पाइपात. जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजलेला असतो. तो खणत बसण्यापेक्षा बंद करून भिंतीवरून नवी सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) लाइन फिरवणं स्वस्त आणि जलद. दिसायला बरं नाही, पण पुढची गळती डोळ्यांना दिसेल.

काटा टिकला तर जमीन तपासा. नहाणी फडकं आणि प्लास्टिक कोंबून बंद करा, इंचभर पाणी भरा, त्यात खायचा लाल रंग घाला, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने टिपा आणि २४ तास सोडा. ते बाथरूम एक दिवस बंद राहील हे भाडेकरूला आधी सांगा. पातळी उतरली आणि खाली लाल ओल आली तर झिरपणं लादीतून आहे. उतरली नाही तर बोळा काढून पाणी सोडा. आता खाली लाल ठिबक आली तर दोष नहाणीच्या किंवा पाइपच्या सांध्याचा. प्लंबर लोकांचा पहिला संशय याच सांध्यावर असतो: नहाणीचा ट्रॅप आणि भोवतालचं काँक्रीट वेगळं फुगतं-आकसतं, दोघांच्या मध्ये गोल फट पडते. तेवढ्यासाठी नहाणीभोवतीची एक-दोन लादी काढून सांधा नव्याने भरला की काम होतं.

लाद्यांचे सांधेच गेले असतील तर त्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट. जुनं ग्राउट दोन-तीन मिलिमीटर खरवडून काढायचं, बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायचं, मग भरायचं आणि पुढे २४ तास पाणी नाही. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमची जमीन आणि खालची फूटभर भिंत यांना एक किलोचा पॅक पुरतो. लादीचे सांधे नुसते पांढऱ्या सिमेंटने लिंपून देणारे लोकही मिळतात. ते लिंपण दोन महिने टिकतं.

एवढं करूनही पाणी येत असेल तर फोडा, पण मग स्लॅबपर्यंत फोडा. जुन्या लादीवर नवी लादी चिकटवून गळती बंद होत नाही, फक्त तिची जागा बदलते. नवा कोबा नहाणीकडे दर चार फुटांना निदान अर्धा इंच उतरता हवा. लादी बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवून खालून तपासणी झालीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तुमच्या खिशात. काम एकेक बाथरूमचं करा, म्हणजे भाडेकरूला घर सोडावं लागणार नाही. खर्च तुमचा, भाडेकरूचा नाही आणि सोसायटीचाही नाही.

प्रश्न (अंधेरीहून एक भाडेकरू) : घरमालक काका पुण्याला असतात. नळ गळला, फ्लश चालेना, पंखा बंद पडला की दर वेळी फोनवर वाद. नियम काय आहे?

उत्तर : भाडेपट्टा असो वा लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना), नळाचा वॉशर कोणी बदलायचा हे कायदा सांगत नाही, ते करारात लिहायचं असतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा हे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ हा समज मुंबईत अजून फिरतो. तो चुकीचा आहे.

करारात एक सोपी ओळ असावी: वापराने झिजणाऱ्या गोष्टी, म्हणजे बल्ब, वॉशर, एसीचा फिल्टर, नहाणीची जाळी, भाडेकरूकडे, भिंतीतलं, छतातलं आणि मालकाने बसवून दिलेल्या उपकरणांचं मालकाकडे. आणि एक रक्कम ठरवा, समजा एका वेळेला ५०० रुपये, ज्याच्या आतली दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करून बिलाचा फोटो पाठवायचा. वाद रकमेवरून होत नाहीत, कोण प्लंबर आणणार यावरून होतात.

फ्लशचं तुम्ही घरीच पाहू शकता. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबर वॉशर गेला. टाकी भरून वरच्या नळीतून सतत वाहत असेल तर फ्लोट (तरंगता गोळा) जास्त वर लावलाय किंवा पाणी भरणारा व्हॉल्व्ह बिघडलाय. दोन्ही भाग हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, अख्खी टाकी बदलायची गरज नाही.

आता पुण्याच्या काकांसाठी. ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला भाडेकरू ‘हो’च म्हणतो, कारण जे त्याला छळत नाही ते त्याच्या लेखी ठीकच असतं. सिंकखालची संथ ठिबक त्याला छळत नाही. ती तुमच्या प्लायवूडच्या कपाटाला छळते. म्हणून मे आणि नोव्हेंबरमध्ये नेमकं विचारा: सिंकखाली हात फिरवला तर ओला होतो का? नहाणीतून बादलीभर पाणी किती वेळात जातं? कुठल्या खोलीत कोंदट वास आहे? कुठला प्लग काढल्यावर गरम लागतो? आणि अँगल कॉक सगळे एकदा बंद करून उघडायला सांगा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी जाम असतो. वॉश बेसिनखालची जाळीची कनेक्शन नळीही बघा. जाळी स्टीलची असली तरी नट बरेचदा प्लास्टिकचा असतो, पान्याने जास्त आवळला की त्याला चीर जाते आणि तो एखाद्या रात्री फुटतो. पितळी नटाची नळी घ्या, फरक थोडा आहे.

प्रश्न (पवईहून एक वाचक) : टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तीन वर्षांत दोन गिझर गेले. भाडेकरूची चूक धरावी का?

उत्तर : बहुधा नाही. उंच इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. चाळीस मीटर वरून आलेलं पाणी चौथ्या मजल्यावर चार बारने ढकलतं, साठ मीटर असेल तर सहा. वरच्या मजल्यावर टिकलेला गिझर खाली टिकत नाही तो यामुळे. गिझरच्या पाटीवर ८ बार लिहिलेलं असेल असाच घ्या आणि मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे का, हे सोसायटीच्या प्लंबरला विचारा.

दुसरं कारण पाणी. महापालिकेचं तलावांचं पाणी मृदू असतं, त्यात गिझर सहसा क्षार धरत नाही. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो. मग दर वर्षी टाकी उघडून साफ करावी लागते. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बघा. टाकीऐवजी आपण गंजायचं हेच तिचं काम. अर्ध्याहून बारीक झाली की बदला. ही कांडी स्वस्त, टाकी महाग, पण वर्षानुवर्षं ती कोणी पाहत नाही.

आणि गिझरच्या थंड पाण्याच्या बाजूला असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंब-थेंब गळतो, तो गळायलाच हवा. ‘गळतोय’ म्हणून त्याच्या जागी डमी, म्हणजे बंद बूच, बसवणारे प्लंबर आहेत. थर्मोस्टॅट अडकला तर अशा बंद टाकीचा स्फोट होतो. भाडेकरू बदलताना हा व्हॉल्व्ह जागेवर आहे का ते स्वतः बघा.

प्रश्न (वर्सोव्याहून एक वाचक) : समुद्रासमोरच्या फ्लॅटमधल्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी चार वर्षांत भुगा झाली. शिवाय मेकॅनिक दर एप्रिलला गॅस भरतो. भाडेकरू म्हणतो, मालकाने द्यायचं.

उत्तर : भाडेकरू बरोबर आहे, पण आधी मेकॅनिक बदला. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा जाणार. नायट्रोजनचा दाब देऊन, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती दाखव, मगच भर, असं सांगा.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो आणि तांब्याच्या नळीला लागून असलेली पाती आधी खाल्ली जातात. दर दोन महिन्यांनी साध्या गोड्या पाण्याने, कमी जोराने, बाहेरचं युनिट धुऊन काढलं तर आयुष्य वाढतं. ॲसिड मारून चकचकीत करणारी सर्व्हिस घेऊ नका. नवं घेताना पात्यांवर गंजरोधक लेप असलेलं घ्या. पाणी आत गळत असेल तर ड्रेन पाइपात शेवाळ साचलंय किंवा पाइपाला मध्येच झोळ पडलाय. पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असलं तरी हेच होतं.

प्रश्न (दादरहून एक वाचक) : इमारत १९८७ सालची. भाड्याने दिलेल्या खोलीच्या छताचं प्लास्टर पडलं आणि गंजलेल्या सळ्या दिसताहेत. गवंडी म्हणतो, दोन तासांत प्लास्टर करून देतो.

उत्तर : त्याला थांबवा. सळी गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. वरून प्लास्टर लावलं तर गंज आत चालूच राहतो आणि पुढचा तुकडा मोठा पडतो. आजच भाडेकरूचा पलंग त्या जागेखालून हलवा. मग काठीने आजूबाजूचं छत ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तिथवर सुटलेलं आहे; खडूने खूण करा, फोटो काढा, सोसायटीला पत्र द्या.

रीतसर काम असं: सुटलेलं सगळं काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढणं, सळी तारेच्या ब्रशने घासणं, गंज काढणारं द्रावण, मग गंजरोधक लेप, मग पॉलिमरचं मॉर्टर थराथराने. सळी बरीच बारीक झाली असेल तर जोडसळी द्यावी लागते, आणि ते गवंडी ठरवत नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर ठरवतो. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमची इमारत दुसऱ्या गटात मोडते. शेवटचा अहवाल कधीचा आहे हे विचारा. सभासद म्हणून तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर चेंबूरच्या वाचकांना दिलेलं उत्तर वरच्यांनाही वाचायला द्या.

प्रश्न (कांदिवलीहून, सध्या बंगळुरूला असलेल्या एक वाचक) : भाडेकरू मे अखेर जाताहेत. फ्लॅट सप्टेंबरपर्यंत बंद राहील. काय करून ठेवू?

उत्तर : बंद घराला पावसाळ्यात माणसापेक्षा बुरशी लवकर मिळते. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. नहाण्या, सिंक आणि बेसिन यांच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. काही आठवड्यांत ते उडून जातं. प्रत्येकात मगभर पाणी ओतून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा, तेलाच्या तवंगाने पाणी उडायचं थांबतं. कमोडवर प्लास्टिक ताणून चिकटवा.

फ्रिज रिकामा, पुसलेला, दार उघडं. कपाटांची दारं आणि ड्रॉवर सगळे उघडे. लाकडी फर्निचर भिंतीपासून चार बोटं पुढे. गाद्या उभ्या. बाल्कनीतल्या कुंड्या, बादल्या, रंगाचे डबे काढाच: डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस तुमच्या नावाने येईल. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा आणि पंधरा दिवसांनी तासभर पंखे लावायची विनंती करा. त्यासाठी पंख्याचा एमसीबी (विजेच्या बोर्डातलं आपोआप पडणारं स्विच) चालू ठेवून बाकीचे पाडून ठेवा.

प्रश्न (माहीमहून एक वाचक) : नवा भाडेकरू येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून काय तपासून घ्यावं? वायरिंग जुनं आहे.

उत्तर : पहिलं, आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारं स्विच) आहे का? घरासाठी ३० मिलिअँपिअरचा हवा. त्यावरचं ‘टी’ बटण दाबलं की तो पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे. दुसरं अर्थिंग. जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट दिसतं, पण वरच्या भोकामागे तारच नसते. आरसीसीबी अर्थिंगशिवायही काम करतो. फरक एवढाच की अर्थिंग असेल तर गळका विजेचा प्रवाह आपसूक पकडला जातो, नसेल तर कोणी हात लावल्यावर. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर त्याला तिथूनच परत पाठवा: न्यूट्रल तुटली की फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट येतो.

तिसरं, १५ लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. एसीला ४ ची, आणि दोघांना वेगवेगळे एमसीबी. सॉकेट तपकिरी पडलं असेल तर आतला स्क्रू सैल आहे. सॉकेट बदलताना तारेचं जळकं टोक कापून नवं टोक काढायला सांगा, नाहीतर नवं सॉकेटही तसंच जळेल.

स्वयंपाकघरात गॅसची केशरी सुरक्षा नळी उलटून तिच्यावरची तारीख वाचा. पाच वर्षं झाली असतील तर ती चांगली दिसत असली तरी बदला. सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून नव्हे.

प्रश्न (विलेपार्ल्याहून एक वाचक) : या सगळ्या दुरुस्त्यांची बिलं भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतात का?

उत्तर : होत नाहीत. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही स्वतः भरलेला मालमत्ता कर वजा जातो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च करा किंवा लाख, वजावट तेवढीच. मालमत्ता कर सोसायटीच्या मासिक बिलातून जात असेल तर त्यातला कराचा आकडा वेगळा लिहून घ्या. बरेच जण अख्खं मेंटेनन्स वजा करतात, ते चालत नाही. बिलं मात्र जपून ठेवा. गिझरची आणि एसीची वॉरंटी त्यांच्यावरच असते, आणि पुढच्या भाडेकरूशी डिपॉझिटचा हिशोब करताना नळ केव्हा बदलला होता हे तारखेनिशी दाखवता येतं.